दहा औटे पस्तीस

नळ आणि टाकी या दोन निरुपद्रवी वस्तूंनी महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांची झोप उडवली असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा तीच टाकी सहा तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल, असं पुस्तक अगदी सहज विचारतं. पण दोन्ही नळ एकदम सोडणारा तो गृहस्थ कोण, आणि त्याला पाण्याची काही किंमत आहे की नाही, हे मात्र कधीच सांगत नाही. लहानपणी मला त्या माणसाचा फार राग येई. आमच्या चाळीत पहाटे तासभर पाणी यायचं आणि बादलीतून चार थेंब जास्त सांडले तरी शेजारपाजारची दारं उघडायची. अशा घरातल्या मुलाला उत्तर काढण्याआधी तो दुसरा नळ बंद करावासा वाटतो, आणि परीक्षेत नळ बंद करण्याला गुण नसतात. पुढे नोकरी लागली, पगाराच्या खात्यात तोच गृहस्थ पुन्हा भेटला, आणि मग हळूहळू आमचं जमलं.

मुंबईतल्या माहुलमधल्या एका मुलीचं लहानपण मात्र या उदाहरणातच गेलं असं म्हणायला हरकत नाही. गणितात ज्याचं नाव ठाऊक नसतं त्याला क्ष म्हणतात. तिला क्ष म्हटलेलं आवडणार नाही, म्हणून आपण तिला नुसतं 'ती' म्हणू. तिचं पहिलं घर विद्याविहारच्या बाजूला, तानसाच्या जलवाहिनीला खेटून होतं. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतं. ज्या नळातून ते येतं तो केवढा, तर त्याच्यावर गोधड्या वाळत, त्याच्या सावलीत पत्त्यांचे डाव रंगत, आणि कान लावला की आत कुणीतरी अवाढव्य माणूस झोपेत श्वास घेतोय असं ऐकू येई. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना क्षणभर कान लावल्यासारखी मान तिरपी केली. पुढे उच्च न्यायालयाने जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितलं, त्या जागेवर मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, आणि २०१७ साली तिचं घर गेलं. त्याच्या बदल्यात मिळालेली खोली होती माहुलला. तिथली खिडकी उघडली तर समोर टाक्याच टाक्या. नळाशेजारून उचललेली मुलगी टाकीशेजारी आणून ठेवली, आणि तरीसुद्धा नववी संपेपर्यंत नळ आणि टाकीचं उदाहरण काही तिला सुटलं नव्हतं.

या टाक्यांत अर्थात पाणी नसतं. १९५४ साली एक आणि १९५५ साली दुसरी अशा दोन रिफायनऱ्या माहुलच्या खाडीकाठाला आल्या. तेव्हा त्यांची नावं परदेशी होती, सत्तरच्या दशकात त्या सरकारी झाल्या आणि हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे कोळ्यांचं गाव होतं, ते अजून आहे. गाव, मग टाक्या, आणि सर्वांत शेवटी ७२ इमारती, असा माहुलचा क्रम. बहात्तर इमारतींत १७,२०५ खोल्या, आणि प्रत्येक खोली २२५ चौरस फुटांची. इथल्या हवेने माणसांच्या तब्येतीला धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलं होतं. २०१९ साली उच्च न्यायालयाने लोकांना बारा आठवड्यांत दुसरीकडे घरं द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या, असा आदेश दिला. कुणी गेले, कुणी राहिले. तिचं घर राहिलेल्यांत. आता बघा, कुठल्याही मुलाला गणित शिकवायला याहून जास्त आकडे कुठून आणायचे? क्षेत्रफळ आहे, मुदत आहे, भाडं आणि अनामत यांचं एकास तीन असं गुणोत्तर आहे. आणि २२५ हा तर पूर्ण वर्ग, पंधराचा. खोली चौकोनी नाही, तिला एक कोपरा अडनिडा आहे आणि त्यात शिलाई मशीन बसवलं आहे, पण आकड्याला त्याचं काही नाही. तो आपला पूर्ण वर्ग होऊन बसला आहे.

तिची आई अजूनही विद्याविहारला घरकामाला जाते, कारण घरं हलली तरी भांडी तिथेच राहिली. २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, तेव्हा महिन्याला किती रुपयांचा खड्डा पडणार हे हिने आईच्या आधी सांगितलं, आणि सुट्ट्या वजा करून सांगितलं. वाण्याने तेलाच्या पिशवीमागे दोन रुपये जास्त लावले तर ते हिच्या नजरेतून सुटत नाहीत. पण हेच भाडं 'शेकडा वाढ काढा' असं म्हणत कागदावरून चालत आलं की हिच्या बोटांना कापरं भरे. ही भीती नेमकी कुठून येते हे मला कधी उमगलेलं नाही. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांवर बुरशी चढते तशी ती चढते. आदल्या रात्री नव्हती आणि आज आहे, आणि दोष द्यायचा तर कुठल्या ढगाला द्यायचा? शाळेतल्या पहिल्या चाचणीत तिला चाळीसपैकी नऊ मिळाले होते. ते नऊसुद्धा, तिच्या मते, चुकून.

संध्याकाळी ती गावातल्या शिकवणीला येऊ लागली ती अशी. 'बिल्डिंगवाली' मुलं गावात फारशी येत नाहीत आणि गावची मुलं बिल्डिंगीत फारशी जात नाहीत. मधला रस्ता टँकरांचा. तो ओलांडला की आंबापाड्याच्या पुढे कोळीवाड्याची गल्ली लागते, तिथल्या एका ओटीवर आमच्या ओळखीच्या एक ताई शिकवणी घेतात. मुलं त्यांना ताईच म्हणतात. मी चेंबूरहून तिथे जातो तो उघडउघड मासळीच्या लोभाने. पण वाट बघत बसायला मला तिथे प्लास्टिकची खुर्ची मिळते, आणि निवृत्त माणसाला खुर्ची मिळाली की तो लवकर उठत नाही. ओटीच्या एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला ताईंच्या सासूबाई आपली पाटी घेऊन बसलेल्या. मध्ये सतरंजीवर सातवी ते दहावीचं गणित, निरनिराळ्या उंचीचं.

ही संध्याकाळची वेळ आणि गणित यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. क्लास, ट्यूशन, शिकवणी हे सगळं नंतरचं. आधी होता परवचा. दिवेलागण झाली, शुभंकरोति म्हणून झालं, की आजोबा भिंतीला टेकून बसत आणि आम्ही मांडी ठोकून पाढे म्हणत असू. नुसते बे आणि तीनचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि सगळ्यांवर कडी म्हणजे औटकी, साडेतीनचा पाढा. पूर्णांकांचे पाढे कुणीही केले असते. साडेतीनचा पाढा पाठ करणाऱ्या समाजाला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे, असं मला पुढे वाटू लागलं. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन, माणसाचा देह साडेतीन हात. चौथा शहाणा पुरता का सापडला नाही याचा शोध कुणी घेतला नाही. अर्धा चालवून घेतला. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि एका दिवसात पावकी-निमकी बेकार झाल्या. आजोबांनी मात्र त्यांना कामावरून काढलं नाही. तारीख बघता सरकार चेष्टा करत असण्याची शक्यता आहे, असं ते म्हणत, आणि आमच्याकडून औटकी म्हणवून घेत. म्हणून आजही कुणी दहावीला उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस लागतात म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, दहा औटे पस्तीस. शिक्षण मंडळाच्या मनात औटकी नसणार हे मला कळतं. पण आकडा निवडला तो बरोबर मराठी निवडला.

तर ती. तिच्या वहीतले आकडे इतके फिकट असत की मोठ्याने हाक मारली तर उठून निघून जातील. पेन्सिलीला टोक असे पण दाब नसे, आणि उत्तर लिहिताना डाव्या हाताचा पंजा वहीवर असा आडवा, की वाऱ्यालासुद्धा ते दिसू नये. उत्तर तोंडी विचारलं तर ते बरोबर असलं तरी शेवटी तिचा सूर वर जाई. "एकशे चव्वेचाळीस?" असं ती विचारी, जणू ताईंनी हो म्हटलं तर आहे, नाहीतर एकशे पंचेचाळीसही चालेल. खोडरबराचा तिच्याकडे एक तुकडा होता, तो घासून घासून तुरीच्या डाळीएवढा उरला होता.

ताईंनी पहिल्याच आठवड्यात तो तुकडा काढून घेतला. त्यांचा नियम असा की खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि पुढे लिहायचं. आणि दुसरी त्यांची खोड म्हणजे 'कसं?' हा प्रश्न. चूक उत्तराला तर सगळेच मास्तर विचारतात, या बाई बरोबर उत्तरालाही तितक्याच थंडपणे "कसं?" म्हणतात. नव्या मुलाला त्यामुळे पहिले काही दिवस बरोबर आणि चूक यांतला फरकच कळत नाही, आणि तो हवालदिल होतो. मला हे आधी जरा क्रूर वाटलं. पण बसल्या बसल्या माझ्या असं लक्षात आलं की बाकी सगळीकडे 'कसं?' हा प्रश्न फक्त गुन्हेगारांना विचारला जातो, आणि इथे तो सगळ्यांना वाटून दिल्यामुळे त्याची धार गेली होती. ती सुरुवातीला 'कसं?' ऐकलं की लगेच उत्तर बदलायची. एकशे चव्वेचाळीस, कसं?, बरं मग एकशे चाळीस. कसं? मग बराच वेळ काही नाही. मग अगदी खालच्या आवाजात, "नाही, आधीचंच होतं ना."

ओटीच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंचं स्वतंत्र विद्यापीठ चालू असे. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिलेली नाही. त्या आता भाऊच्या धक्क्यावरून आणलेली विकतात आणि संध्याकाळी उरलेल्याचे वाटे लावतात. मांदेलीची पाटी त्या पालथी घालत आणि न मोजता सहा वाटे करत. एकदा एका पोराने हट्टाने मोजून बघितलं, तर प्रत्येक वाट्यात एकदोनाचाच फरक. दहावीच्या पुस्तकात सांख्यिकीचं प्रकरण आहे, त्यात मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन भाऊ येतात. म्हातारीने एका हाताच्या झोक्यात तिघांना एका जागी आणून बसवलं होतं. गिऱ्हाईक आलं की ती वर आणखी एक मासळी टाकी. पुस्तक तिला काय म्हणेल कोण जाणे, गिऱ्हाईक तिला आजी म्हणे. आमच्या मुलीला ती मधेच हटकायची, "काय गो, जमला का तुजा हिशोब?" आणि ती ओशाळून हसे. गणित येत नाही हे एका निरक्षर बाईसमोर कबूल करायला तिला लाज वाटत नसे. मला वाटतं, तिथेच पहिली गाठ सैल झाली.

आंब्याच्या मोसमापर्यंत खाडीत रोहित पक्षी असतात. शिवडी ते माहुलच्या चिखलात ते हिवाळ्यात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात, आणि मुंबईभरची माणसं दुर्बिणी घेऊन त्यांना बघायला येतात. माहुलच्या मुलांना त्यांचं अप्रूप नाही. पण ताईंनी एकदा त्यांना उदाहरणात घातलं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके पक्षी शिवडीला गेले, थव्याचे आठ नवमांश ठाण्याच्या खाडीकडे, आणि माहुलला दोन उरले, तर थवा केवढा? हे मुळात भास्कराचार्यांचं. ११५० च्या सुमाराची त्यांची लीलावती, आणि तिथे पक्ष्यांऐवजी भुंगे आहेत. मागे राहिलेल्या दोघांपैकी एक कमळात अडकलेला आणि दुसरी बाहेर गुणगुणत फिरणारी. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला आणि त्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे. म्हणजे गणिताची शिकवणी काढण्याची हौस महाराष्ट्राला आठशे वर्षांची, आणि फरक इतकाच की त्या शिकवणीला राजाश्रय होता व हिला सतरंजी. मुलांनी उदाहरण सोडवायला घेतलं. वर्गसमीकरण मांडलं गेलं, दोघांचं फिसकटलं, आणि तिने अंदाजाने, थेट आकडे घालून बघत, उत्तर काढलं: बहात्तर. निम्मे छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा, आठ नवमांश चौसष्ट, आणि दोन. "कसं?" म्हणाल्या ताई. ती म्हणाली, "नऊने भाग जायला पाहिजे म्हणून नऊचा पाढा घेतला. आणि आमच्या बिल्डिंगी बहात्तर आहेत, म्हणून तिथे थांबून बघितलं." साडेआठशे वर्षांपूर्वीच्या भुंग्यांचा हिशेब माहुलच्या इमारतींवर येऊन मिटला. परीक्षेत या रीतीला किती गुण मिळतील हे मी विचारलं नाही.

गणिताच्या शिकवणीत खरा चमत्कार एकदाच होतो असं म्हणतात. मला तर तो झाला तेव्हा कळलाही नाही, कारण त्या दिवशी दिवे गेले होते आणि सगळ्यांचं लक्ष डासांकडे होतं. ताईंनी मोबाइलची बॅटरी लावली आणि कापरेकरांचा खेळ काढला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्य काढलेले मास्तर. संख्यांशी खेळणारा हा माणूस; एकदा लोकलच्या वाटेवर डेम्लो स्टेशनात त्यांना काही सुचलं म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असं नाव देऊन टाकलं. ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. डोंबिवलीच्या फलाटावर आजवर लाखो माणसांना काही ना काही सुचलं असेल, पण ते बहुतेक जागेविषयी असतं. कापरेकरांची मोठी कीर्ती मात्र ६१७४ या संख्येमुळे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. आपल्याकडच्या पंडितांनी त्यांना बरीच वर्षं गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा देवळालीचे मास्तर जगाला कळले.

प्रत्येकाने एकेक साल घ्यायचं ठरलं. एकाने रिफायनरीचं १९५५ घेतलं. ती सहा पायऱ्यांनी पोचली. एकाने मोनोरेलचं २०१४ घेतलं, कारण त्या वर्षी चेंबूर ते वडाळा मोनो सुरू झाली आणि इथल्या पोरांना ती आपलीच वाटते. मोनो काही पोचेना. ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि अखेर सातव्या पायरीला ६१७४. म्हणजे गणितात जेवढा उशीर करता येतो तेवढा करून. त्या पहिल्या टप्प्यात स्टेशनंही सातच आहेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ओटीवर हास्याचा फुगा फुटला. मैसूर कॉलनीजवळ पावसात गाडी अधांतरी अडकली होती, त्याची आठवण काढण्यात पाच मिनिटं गेली. तिने २०१७ घेतलं होतं, घर गेलं ते साल. ७२१० वजा १२७, ७०८३. ८७३० वजा ३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीनच पायऱ्या. सगळ्यांच्या आधी तिचं झालं, आणि मग ती इतरांच्या वह्यांत डोकावून कुणाचा हातचा राहिलाय ते दाखवू लागली. मी खुर्चीत बसून भारावलो होतो. कुठल्याही आकड्यापासून निघालं तरी माणूस पोचतोच, असं काहीतरी थोर माझ्या मनात जुळत होतं. तेवढ्यात तिने विचारलं, "पण सगळे तिथेच पोचणार असतील तर करायचं कशाला?" ताई म्हणाल्या, "वजाबाकी पक्की होते म्हणून." माझं थोर वाक्य तिथेच राहिलं.

त्यानंतर तिच्या आकड्यांत हळूहळू काळेपणा आला. पंजा वहीवरून उठला. 'एकशे चव्वेचाळीस?' मधला प्रश्न कधी गळून पडला ते मला सांगता येणार नाही. झाडावरून पान कुठल्या क्षणी सुटलं हे झाडाखाली बसलेल्यालाही कळत नाही. पण एक दिवस कळला. महत्त्वमापनाचं प्रकरण चालू होतं. तेलाची टाकी, वृत्तचितीच्या आकाराची, त्रिज्या सात मीटर, उंची दहा मीटर, घनफळ काढा. बावीस सप्तमांश गुणिले एकोणपन्नास गुणिले दहा. तिचं उत्तर आलं १५४० घनमीटर. डायजेस्टच्या मागच्या पानावर होतं १५४. पूर्वीची ती असती तर शून्य मुकाट्याने खोडलं असतं, आणि खोडरबर नसता तर बोटाने पुसलं असतं. ती म्हणाली, "ताई, पुस्तकाचं चुकलंय."

ओटीवर एकदम शांतता पसरली. छापील मजकुराविषयी आपल्याकडे एक प्रकारची सोवळी भावना असते. ताईंनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "कसं?"

"आमची खोली दोनशे पंचवीस चौरस फूट. उंची दहा फूट धरा. बावीसशे पन्नास घनफूट." घनफुटांचे घनमीटर तिने ताईंच्या मोबाइलवर करून घेतले, जवळजवळ चौसष्ट आले. "म्हणजे पुस्तकाच्या टाकीत आमच्या अडीच खोल्यासुद्धा मावत नाहीत. मी रोज बघते टाक्या. त्यांना वर चढायला गोल जिना असतो. अडीच खोल्यांना जिना कशाला लागेल? चोवीस खोल्या मावतात, माझ्या उत्तरात."

ताईंनी गणित पुन्हा फळ्यावर केलं. पंधराशे चाळीस. पंधरा लाख चाळीस हजार लिटर. छापणाऱ्याचं एक शून्य गळलं होतं. "मंग? छापणाऱ्याचा हात काय चुकत नसंल?" सासूबाई पाटीवरून म्हणाल्या, आणि बोंबलाचं डोकं उडवून मोकळ्या झाल्या. मला तो सगळा युक्तिवाद कुठल्याही प्रमेयापेक्षा सुंदर वाटला. आठ वर्षं जी टाकी तिच्या खिडकीत नको असताना उभी होती, तिने त्या दिवशी तिच्या बाजूने साक्ष दिली. या टाक्यांमुळे इथल्या माणसांचं काय काय झालं हे मला ठाऊक आहे, आणि एका साक्षीने ते फिटत नाही. पण साक्ष दिली हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

पूर्वपरीक्षेत तिला गणिताच्या भाग दोनमध्ये चाळीसपैकी एकतीस मिळाले आणि भाग एकमध्ये सव्वीस. भाग एकवर ती नाराज आहे, अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटीने घात केला असं म्हणते. आईचं म्हणणं वेगळं. मुलगी आता घरात उलट विचारते, ही आईची तक्रार. धाकट्या भावाने सात सक्कं बेचाळीस म्हटलं तरी ही लगेच "कसं?" म्हणते, आणि तो रडकुंडीला येतो. परवा आईने भाजीचा हिशेब सांगितला तर तिलाही "कसं?" म्हणाली. शिकवणीची फी दिली ती यासाठी का, असं आई ताईंना विचारायला आली होती. येताना रिकाम्या हाताने आली नाही, घरचे तिळाचे लाडू आणले होते. सासूबाईंनी त्यातले सगळ्यांना वाटून दिले, न मोजता, आणि पुरले.

मार्चात तिची बोर्डाची परीक्षा आहे. पस्तीसची चिंता आता कुणाला नाही, त्यामुळे माझी औटकी बेकार झाली. तेवढ्यात तुम्ही एक करा. आपलं जन्मसाल घ्या, कागदावर घ्या, तोंडी नको, आणि कापरेकरांच्या रीतीने सोडवत जा. सात पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर मास्तरांना दोष देऊ नका, हातचा तपासा. खोडू नका, वर एक रेघ मारा आणि पुढे लिहा. चारही अंक सारखे असतील तर मात्र हा खेळ चालत नाही, पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं. २२२२ साली जन्मलेल्या कुणाच्या हाती हा लेख पडलाच, तर त्यांनी कृपया आईचं जन्मसाल घ्यावं.